ताकद वाढवण्यासाठी कोणती गाडी घ्यावी? जुन्या ऑक्टाव्हिया आरएसचे परीक्षण

इंजिनाची ताकद वाढवूनही रोज भरवशाने चालेल अशी गाडी निवडताना बहुतेकांचे लक्ष इंजिनाकडे जाते. माझ्या मते मात्र आधी गिअरबॉक्स पाहिला पाहिजे. स्कोडाच्या ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय (टर्बो पेट्रोल) गाडीचे इंजिन दणकट आहे, पण तिचा कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स, सुमारे २५० न्यूटन-मीटर टॉर्कसाठीच (फिरवणाऱ्या जोरासाठीच) बनवलेला आहे आणि मूळ गाडीच तेवढा टॉर्क देत असल्याने वाढीला जागा उरत नाही. याउलट २०१७ मध्ये भारतात आलेल्या आरएसचे, म्हणजे ऑक्टाव्हियाच्याच वेगवान आवृत्तीचे, १९८४ सीसीचे, ओतीव लोखंडी ब्लॉकचे इंजिन मुळातच २३० पीएस (अश्वशक्ती) आणि ३५० न्यूटन-मीटर देते, शिवाय त्याच्या जोडीला तेलात चालणाऱ्या क्लचचा सहा गिअरचा डीएसजी आहे. म्हणून जळगाव-धुळे पट्ट्यात जुनी गाडी शोधणाऱ्याला मी हीच सुचवीन.

खरी कसोटी मे महिन्याची. पारा ४५ अंशांच्या घरात असताना इंटरकूलरमधून (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागातून) पुढे जाणारी हवा पुरेशी थंड होत नाही, इंजिनाचे नॉकिंग (इंधनाचे अवेळी पेटणे) टाळण्यासाठी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, स्पार्कची वेळ मागे घेतो आणि कागदावरची ताकद चाकांपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे मोठ्या टर्बोच्या आधी मोठा इंटरकूलर बसवावा, गिअरबॉक्सचे तेल वेळेवर बदलावे आणि ट्यूनिंग (ईसीयूची नवी जुळवणी) आपल्या भुसावळच्या किंवा नंदुरबारच्या पंपावर नेहमी मिळणाऱ्या पेट्रोलवरच करून घ्यावे. सुटे भाग महाग, हा मोठा दोष. उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून नोंदणीपुस्तकातील नोंदी वेगळ्या पडतील अशा बदलांना मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते, हेही पैसे गुंतवण्याआधी तपासावे.