ट्रान्सफॉर्मर जळलाच नव्हता

आधी माझी चूक सांगतो. तीस वर्षं तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, आणि स्वतःचा ऑसिलोस्कोप (विजेच्या लाटा पडद्यावर रेघेने दाखवणारं यंत्र) मात्र मीटर न लावताच दुसऱ्याच्या हाती दिला. मोतिबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, डॉक्टरांनी वाकून काम करायला मनाई केली होती, हे खरं. पण मीटरच्या दोन पिना टेकवायला कितीसं वाकावं लागतं?

स्कोप टेक्ट्रॉनिक्सचा, मॉडेल ४६५. हे मॉडेल १९७२ साली आलं. दोन चॅनेल, १०० मेगाहर्ट्झ. माझा नग एका कॉलेजच्या भंगाराच्या लिलावातून घेतलेला, सोबत दोन ओरिजिनल प्रोब, म्हणजे सर्किटला टेकवायच्या टोकदार वायरी. मे महिन्यात एका दुपारी पडद्यावरची रेघ अचानक गेली. धूर नाही, वास नाही, फ्यूजही शाबूत. हे तिन्ही नीट वाचले असते तर पुढचं काही घडलंच नसतं. या स्कोपचे रेग्युलेटर स्वतःच करंट आवरतात, त्यामुळे एखादा रेल (ठरावीक व्होल्टचा आतला पुरवठा) शॉर्ट झाला तरी फ्यूज उडेलच असं नाही. आणि जळालेल्या ट्रान्सफॉर्मरचा वास तर दोन दिवस खोलीतून जात नाही.

ओळखीतल्या एकाने नागपुरातल्या बर्डीवरचा एक कारागीर सुचवला. पन्नास वर्षांपूर्वीचं मशीन पाहून त्याचे डोळे चमकले, ते मला तेव्हा आवडलं होतं. ‘प्रोबही ठेवून जा, टेस्टिंगले लागते,’ म्हणाला. ठेवले. पावती मागितली तर कार्डामागे फक्त मोबाइल नंबर लिहून दिला. तपासणीचे ५०० रुपये.

तासाभरात फोन आला. ‘काका, याचा ट्रान्सफॉर्मर गेला न जी. इम्पोर्टेड आहे, भेटत नाही कुठं. पण टेन्शन नका घेऊ, आपला रिवाइंडिंगवाला आहे, करून देते तो.’ मागोमाग व्हॉट्सॲपवर फोटो: काळा पडलेला, कागद सुटलेला ट्रान्सफॉर्मर. मी हळहळलो आणि ४,५०० रुपये ॲडव्हान्स पाठवले. स्कॅनरवर नाव भलत्याच माणसाचं होतं. ‘वहिनीचं खातं आहे,’ म्हणे. पक्कं बिल हवं असेल तर १८ टक्के वर लागतील, हेही त्याने सांगून टाकलं. मी म्हटलं, राहू दे. बिल सोडलं ते मी, त्याने नव्हे.

तो फोटो महिन्याभराने चष्मा बदलल्यावर पुन्हा पाहिला. त्या ट्रान्सफॉर्मरमधून जेमतेम पाच वायरी निघत होत्या. ४६५ला ५, १५, ५५ आणि ११० व्होल्ट, शिवाय उणे ८, एवढे रेल लागतात. ४६५च्या ट्रान्सफॉर्मरमधून रंगीबेरंगी वायरींचा झुपकाच बाहेर येतो. फोटोतला माल कुठल्यातरी स्टॅबिलायझरचा होता.

अकरा दिवसांनी स्कोप घरी आला. रेघ दिसत होती. उरलेले ३,५०० दिले. प्रोब नव्हते. ‘दुकानातच राहिले, पाठवतो.’

आठवडाभरात रेघ थरथरायला लागली. चॅनेल ग्राउंडवर ठेवलं, म्हणजे बाहेरचा सिग्नल तोडला, तरी लाट जाईना. टाइम बेस ५ मिलिसेकंदांवर (पडद्यावरचं एक आडवं घर म्हणजे ५ मिलिसेकंद) आणि ट्रिगर ‘लाइन’वर, म्हणजे घरच्या विजेच्या तालावर नेला, तशी लाट जागच्या जागी उभी राहिली. दर दोन घरांना एक, म्हणजे १०० हर्ट्झ. घरच्या ५० हर्ट्झ विजेचं रेक्टिफायरमधून दुप्पट होऊन आलेलं रूप. याचा बहुधा अर्थ हाच: ही लाट गुळगुळीत करणारे फिल्टरचे मोठे कपॅसिटर कमजोर आहेत. मशीन स्वतःचाच आजार स्वतःच्या पडद्यावर काढून दाखवत होतं, आणि हे पाहायला मला कुणाला पैसे द्यावे लागले नाहीत.

मग मुलीला टॉर्च धरायला लावून झाकण काढलं. (बंद करून बराच वेळ थांबून, आणि पडद्याच्या नळीच्या अतिदाबाच्या बाजूला हात न लावता. तिथे हजारांत व्होल्ट असतात, तिथे धाडस नको.) ट्रान्सफॉर्मरवर कंपनीचा १२०ने सुरू होणारा नंबर, मूळची वायरिंग, मूळची चकचकीत सोल्डरिंग आणि त्यावर लिलावाच्या दिवसापासूनची धूळ. त्याला कुणी बोटही लावलं नव्हतं. रिवाइंडिंग, म्हणजे तार नव्याने गुंडाळणं, कसलं नि काय.

मग स्कोप चालू झाला तरी कसा? १५ व्होल्टच्या रेलवर टॅन्टलमचा एक मण्याएवढा कपॅसिटर असायला हवा होता. तिथे फक्त कापलेले दोन पाय उभे होते. टॅन्टलम म्हातारपणी शॉर्ट होतात, या पिढीच्या स्कोपमध्ये ते नेहमीचंच. शॉर्ट झाला की तो रेल खाली बसतो, रेघ जाते. कारागिराने कटरने तो तोडला, रेल वर आला, रेघ परतली. काम दोन मिनिटांचं. नवा बसवण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

इतक्यावर थांबला असता तरी मी म्हटलं असतं, शिकलो. पण फिल्टरचे मूळचे दोन मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही गायब होते. त्यांच्या जागी ठळक ब्रँडचे नवेकोरे दिसणारे, लेबलवर ४७०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट. हातात घेतले तर एखाद्या रिकाम्या डबीसारखे हलके. मीटरने एक ९१० दाखवला, दुसरा त्याहूनही कमी. एक कापला: मोठ्या डब्यात छोटा, वापरलेला कपॅसिटर आणि भोवती पुठ्ठा. मुलगी हसत सुटली, मला हसू आलं नाही. मागच्या फ्यूज होल्डरमध्ये फ्यूजऐवजी तांब्याची तार होती. मी रात्री स्कोप चालू ठेवून झोपलो असतो तर? तो विचार अजूनही नको वाटतो.

फोनवर तो आधी म्हणाला, ‘जुनी चीज आहे काका, ग्यारंटी नसते.’ मी कापलेल्या कपॅसिटरचा फोटो, त्याच्या ‘जळालेल्या’ ट्रान्सफॉर्मरचा फोटो आणि यूपीआयच्या पावत्या एकत्र पाठवल्या, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर लिहिला. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क नसतं, हेही. दोन दिवसांत ३,००० रुपये परत आले, त्याच ‘वहिनी’च्या खात्यातून. प्रोबचं नाव काढलं की फोन कट.

दुरुस्तीला मला मुलीसोबत एक रविवार लागला. ३५ व्होल्टचा टॅन्टलम २० रुपयांना मिळाला, दोन खरे कपॅसिटर पक्क्या बिलावर घेतले आणि योग्य फ्यूज टाकला. बोर्डाला सिरीजमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून पहिल्यांदा चालू केलं. बल्ब क्षणभर उजळून मंदावला, म्हणजे आत शॉर्ट नाही, तेव्हा जिवात जीव आला. आधी ५५चा रेल पाहिला, कारण बाकीचे त्याच्याच आधारावर चालतात, मग उरलेले. सगळे जागेवर. यातलं मोजमाप मी पहिल्या दिवशी केलं असतं, तर १५च्या पॉइंटवर जवळजवळ शून्य ओहम दिसला असता आणि ‘ट्रान्सफॉर्मर गेला’ हे वाक्य मी ऐकूनच घेतलं नसतं. मोठ्या कपॅसिटरवर व्होल्ट येत असतील तर ट्रान्सफॉर्मर जिवंत आहे, इतकं ते सोपं होतं.

आता कुणाकडे काही द्यायचं तर आतले फोटो आधी काढतो, मोठ्या पार्टांवर नेलपॉलिशचा ठिपका लावतो आणि ‘जुने पार्ट परत हवेत’ हे त्याच्यासमोरच कागदावर लिहून सही घेतो. सहीला नकार आला तर मशीन उचलून घरी.

प्रोब मात्र अजून सापडले नाहीत. बर्डीवर किंवा कुठल्या जुन्या बाजारात टेक्ट्रॉनिक्सचे दोन प्रोब दिसले आणि त्यातल्या एकाच्या ग्राउंड क्लिपवर पिवळी स्लीव्ह, तिच्यावर निळ्या पेनाने केलेली फुली असेल, तर तो माझा आहे. फुली मी १९९८ साली केली होती, विद्यार्थी अदलाबदल करायचे म्हणून.