ओ स्केलच्या मॉडेल रेल्वेगाडीपायी फसलो, माझे 55,299 रुपये गेले, नवीन लोकांनी नीट वाचा

लिहू की नको करत पंधरा दिवस काढले. घरात फक्त बायकोला माहितीये, आईला अजून सांगितलेलं नाही आणि ऑफिसात कळू दिलेलं नाही. पण मागच्या रविवारी मला फसवणाऱ्या त्याच माणसाची जाहिरात परत दिसली, नाव वेगळं, नंबर वेगळा, फोटो मात्र तोच. डोकंच सणकलं. म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

मी ग्वाल्हेरचा, इथल्या लष्कर भागात वाढलेला. मावशी जौऱ्याला असायची, त्यामुळे लहानपणी नॅरोगेजने किती वेळा गेलोय याची गणती नाही. दोन फुटी रुळांवरची ती गाडी, पार श्योपूरपर्यंत जवळपास दोनशे किलोमीटर जायची, 2020 मध्ये बंद पडली ती कायमचीच, आता तिथे ब्रॉडगेज होतंय. तेव्हापासून मनात होतं की ती गाडी, एक छोटं स्टेशन, डब्याच्या छपरावर बसलेली माणसं, सगळं घरी मॉडेलमध्ये उभं करायचं. मॉडेल गाड्यांच्या मापांतलं एचओ मला नको होतं. एचओ म्हणजे खऱ्या गाडीच्या 1:87, त्यात सहा फुटी माणूस जेमतेम दोन सेंटिमीटरचा होतो. ओ स्केल अमेरिकन हिशोबाने 1:48, तोच माणूस दीड इंचाचा, त्याच्या डोक्यावरचा फेटा रंगवता येतो. इथल्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची गाडी ज्यांनी पाहिलीये त्यांना हे वेड मी काय समजावणार.

अडचण पैशाची. अमेरिकेतला चांगला स्टार्टर सेट साधारण तीनशे-चारशे डॉलरला पडतो, वर जड खोक्याचं शिपिंग, आणि त्यावर कस्टम. खेळण्यांवरची मूळ ड्युटी 2020 च्या बजेटात 20 टक्क्यांवरून 60 झाली, 2023 मध्ये 70, आणि मॉडेल रेल्वे त्याच खात्यात मोजतात. म्हणजे तीस हजाराची वस्तू घरी येईपर्यंत साठीच्या आसपास. इथे दुकानात कुठे ओ स्केल मिळत नाही, विचारायला गेलं की बॅटरीवाली प्लास्टिकची गाडी समोर ठेवतात.

अशात ती जाहिरात आली. मुंबईचा इंपोर्टर, दुकान बंद करतोय, उरलेला स्टॉक, इंजिन, चार डबे, रुळांचा पूर्ण ओव्हल आणि पॉवर सप्लाय मिळून 38,500. आता मला कोणी सांगू नका की एवढं स्वस्त बघूनच कळायला हवं होतं. स्वस्त नव्हतंच ते! पाच हजारात सेट देतो म्हणाला असता तर मी त्याच क्षणी ब्लॉक केलं असतं. मी स्वतः आठवडाभर वहीत हिशोब मांडलेला आणि याचा भाव त्यात बरोब्बर बसत होता, नवीन मालापेक्षा कमी, पण पटेल एवढाच कमी. असली माणसं अभ्यास करून भाव लावतात.

14 ऑक्टोबरला 5,000 टोकन दिलं. आणि 15 तारखेची रात्र, साडेअकराची वेळ, ती मी विसरू शकत नाही.

मी त्याला म्हटलं, रुळांवर पट्टी ठेवून फोटो पाठव. त्याने पाठवला. हिरवी सतरंजी, त्यावर दोन रूळ, आडवी ठेवलेली स्टीलची पट्टी, एका बाजूने केशरी इंजिनाचं नाक. मी फोटो मोठा करून पाहिला. आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत सोळा आणि थोडं वर. ओ गेजच्या दोन रुळांमधलं अंतर 32 मिलिमीटर असतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. साडेसोळा म्हणजे एचओचे रूळ. सरळ एचओ! मी उठून ड्रॉवरमधली माझी पट्टी काढली आणि साडेसोळावर नख ठेवून बघत बसलो. आकडा डोळ्यासमोर होता, बोटाखाली होता.

आणि मग मीच त्याच्या वतीने उत्तर शोधलं. ओ स्केलमध्ये ओ-एन-30 म्हणून प्रकार आहे, गाडी 1:48 चीच पण नॅरोगेजची, तीस इंची गेज दाखवायला ती एचओच्या साडेसोळा मिलिमीटर रुळांवरच चालवतात. मला वाटलं, अरे, हा तर नॅरोगेज सेट, मला हवा तोच, आणि या बिचाऱ्याला स्वतःलाच माहिती नाही आपल्याकडे काय आहे. मी मेसेज केला, "भाई, ये ओ-एन-30 है क्या?" तो म्हणाला, "हाँ सर वही है, आप तो जानकार हो." झालं. त्या एका वाक्यावर मी 16 तारखेला सकाळी 33,500 पाठवले. जाहिरातीत तीन रुळांचा सेट लिहिलेला आणि फोटोत दोनच रूळ, हे मला तेव्हा दिसलंच नाही. विक्रेत्याला प्रश्न विचारताना उत्तर कधीही त्यात घालू नका. "गेज किती, कंपनी कुठली, मॉडेल नंबर काय," एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं.

पुढे व्हायचं तेच झालं. 21 तारखेला फोन, माल कस्टमला अडकलाय, 11,800 भरा. मी विचारलं होतं की, स्टॉक मुंबईतच आहे ना मग आता कस्टम कसलं? तर म्हणे बाँडेड वेअरहाउसमधून काढतोय. आता बाँडेड गोदाम खरंच असतं, माल बाहेर काढताना ड्युटी भरावी लागते हेही खरं, मी वाचलेलं, म्हणून भरले. 22 ला 4,999, "रिफंडेबल सिक्युरिटी". त्यानंतर फोन बंद. एकूण 55,299.

दोन गोष्टी नंतर लक्षात आल्या, तुम्ही आधीच बघा. त्याने पाठवलेल्या बिलावर जीएसटी नंबर होता, तो 07 ने सुरू होत होता. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचा 27, आपल्या मध्यप्रदेशचा 23, आणि 07 म्हणजे दिल्ली. मुंबईच्या दुकानाला दिल्लीचा नंबर कसा? जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला की नाव दिसतं, फुकट, एक मिनिट लागतं. दुसरं, यूपीआयमध्ये पिन टाकायच्या आधी खातेदाराचं नाव येतं, चारही वेळा दुकानाऐवजी कुठल्यातरी वेगळ्या माणसाचं नाव होतं आणि मी "अकाउंटंटचं खातं आहे" हे ऐकून घेतलं. कस्टमचे पैसे कुणाच्या खाजगी यूपीआयवर कधीच जात नाहीत, आणि त्यांच्या खऱ्या पत्रावर डिन नंबर, म्हणजे त्या कागदाचा ओळख क्रमांक असतो, तो त्यांच्या साइटवर तपासता येतो.

तक्रार करायला तीन दिवस उशीर झाला, कबूल. 25 तारखेला सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावला. पैसे गेले की पहिल्या तासात लावा, लाज नंतर धरा. माझ्या पैशांपैकी फक्त शेवटचे 4,999 समोरच्या खात्यात सापडले आणि होल्ड झाले, बाकी तोपर्यंत पुढे पाच खात्यांत फिरून गेले होते. आणि ते होल्ड झालेले सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. 4,999 साठी वकील!

बँकेत गेलो तर काउंटरवरची मुलगी स्क्रीनवरून मान वर न करता म्हणाली, पिन तुम्हीच टाकलाय ना, मग आम्ही काय करणार. नियम तसा आहे म्हणे, परस्पर पैसे गेले आणि कामाच्या तीन दिवसांत कळवलं तर बँकेची जबाबदारी, स्वतः पाठवले तर नाही. ठीक आहे, पण एक अर्ज घेऊन शिक्का मारायला चाळीस मिनिटं? आणि शिक्का मारल्यावर म्हणे हा फॉर्म जुना आहे.

ठाण्यात तर विचारू नका. पहिल्या दिवशी टीआय साहेब, म्हणजे ठाण्याचे प्रमुख, नाहीत. दुसऱ्या दिवशी ठाण्यातले कारकुनी बघणारे मुंशीजी माझं आवेदन वाचताना हसले, शेजारच्याला मोठ्याने वाचून दाखवलं, "पचपन हज़ार की खिलौने वाली रेलगाड़ी!" बाकावर बसलेले चार जण माझ्याकडे बघायला लागले. माझं वय एकावन्न आहे. मी पन्नास हजाराचं सोनं हरवलं असतं तर कोणी हसलं नसतं, तेवढ्याच पैशाचा फोन गेला असता तरी नसतं. तिसऱ्या दिवशी म्हणाले आरोपी बाहेरच्या राज्यातला, इथे होणार नाही, सायबर सेलला जा. सायबर सेलवाले म्हणाले रक्कम कमी आहे, ठाण्यातच द्या. चौथ्यांदा गेलो तेव्हा आवेदनावर पावतीचा शिक्का मिळाला, एफआयआर अजून नाही. खरं तर दखलपात्र गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात हद्द न बघता एफआयआर, म्हणजे झीरो एफआयआर, नोंदवता येते, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्ट लिहिलंय, हे मला घरी येऊन वाचल्यावर कळलं. तुम्ही जाताना प्रिंट काढून घेऊन जा. आणि आवेदनात "खेळणं" हा शब्द लिहू नका, "आयात केलेली विद्युत वस्तू" लिहा.

ज्यांना खरंच ओ स्केल सुरू करायचंय त्यांच्यासाठी, कारण त्या हरामखोरामुळे कोणी हा छंद सोडावा असं मला वाटत नाही. आधी जागा मोजा. ओ-36 चं वळण म्हणजे 36 इंच व्यासाचा गोल, त्याला निदान 40 इंच रुंद टेबल हवं, साधा पलंग पुरत नाही. तीन रुळांची गाडी एसीवर चालते, दोन रुळांची डीसीवर, तीन रुळांवाली दोन रुळांवर ठेवली तर चाकांतूनच शॉर्ट होतो. अमेरिकन ट्रान्सफॉर्मर 120 व्होल्टचा असतो, आपल्या 230 च्या प्लगात घातला तर जळालाच समजा, स्टेपडाउन लागतो. माल समोरासमोर घ्या, किंवा परदेशातून येणाऱ्या ओळखीच्या माणसाकरवी, नाहीतर क्रेडिट कार्डवर, म्हणजे वाद घालायला काहीतरी हातात राहतं. ऑनलाइन घेतच असाल तर फोटोवर भागवू नका, इंजिन रुळावर धावतानाचा व्हिडिओ मागा, शेजारी त्या दिवशीचा पेपर ठेवून.

मी आता काय करतोय, तर भाच्याने पुण्याहून जुनं एचओचं इंजिन आणलंय, त्याचं वरचं शरीर काढून त्याच्या चॅसीवर सनबोर्डचा 1:48 चा नॅरोगेज डबा बनवतोय. आतापर्यंत खर्च 2,650. खिडक्या कापताना दोन ब्लेड गेली.

आणि तो फोटो परत सांगतो, हिरवी सतरंजी, उजव्या कोपऱ्यात उसवलेली, वर स्टीलची पट्टी, तिचं एक टोक वाकलेलं, बाजूला केशरी इंजिन. रविवारच्या जाहिरातीत दुकान कोलकात्याचं आहे आणि भाव 36,900.