750 वॅटचा मिक्सर, आठ महिने वापरून झाला, आणि ते 4.3 स्टार कसले होते ते आत्ता कळलं

गेल्या दिवाळीच्या सेलमध्ये घेतला. आम्ही कोल्हापूरचे, म्हणजे कांदा-खोबऱ्याचं वाटण आठवड्यातून चारदा तरी, शिवाय दाण्याचं कूट, चटण्या, रविवारी इडलीचं पीठ. घेण्याआधी दोन रात्री बसून रिव्ह्यू वाचले होते, नवरा म्हणाला एवढा अभ्यास दहावीला केला असतास तर... असो.

आधी मिक्सरचं. मोटर चांगलीय, खरंच, ओलं खोबरं गंधासारखं वाटतं. आवाज मात्र असा की सासूबाई आधी विचारतात "लावणारेस का?" आणि मग मालिकेचा आवाज वाढवतात. पाचव्या महिन्यात कपलरचे, म्हणजे मोटर आणि भांडं जोडणाऱ्या चकतीचे, दाते झिजले, सातव्यात मोठ्या भांड्याच्या बुडातून काळं पाणी यायला लागलं. कोपऱ्यावरच्या रिपेअरवाल्या मामांनी भांडं उलटं करून दांडा हलवून दाखवला, "बुश गेलाय वहिनी." बुश म्हणजे भांड्याच्या बुडात तो दांडा ज्यात फिरतो ती नळी. कपलरचे 60, बुशचे 180. खोक्यावर मोठ्या अक्षरात 5 वर्षं वॉरंटी होती ती फक्त मोटरची, कपलर-बुश त्यात नाहीतच.

मग मी चिडून परत ते रिव्ह्यू काढून बसले, की एवढ्या हजार लोकांत कुणालाच हे झालं नाही का? तर बहुतेकांनी लिहिलंय पहिल्या आठवड्यात. पॅकिंग मस्त, वेळेत आला, रंग फोटोसारखाच, डिलिव्हरी बॉय नम्र. अहो पण मिक्सर कसाय?? आणि एक स्टारवालेही तसलेच, "पहिल्याच दिवशी जळका वास, मोटर खराब", आता नव्या मोटरच्या वाइंडिंगवरच्या वार्निशचा वास सुरुवातीला थोडा येतोच, माहितीपुस्तिकेतही लिहिलंय, माझाही चार दिवसांत गेला. म्हणजे पाच स्टारही चुकीचे आणि एक स्टारही, आणि त्यांची सरासरी म्हणे 4.3.

अजून एक गंमत, 500 वॅट, 750 वॅट, तीन भांड्यांचा, चार भांड्यांचा, सगळ्यांचे रिव्ह्यू एकाच ढिगात. ज्या बाईंचा फोटो बघून मी भुलले त्यांची भांडी वेगळीच होती हे नंतर नीट पाहिल्यावर दिसलं. व्हेरिफाइडचा शिक्का असतो त्याचा अर्थ फक्त विकत घेतलाय एवढाच, वापरलाय असा नाही.

आणि खोक्यात ते कार्ड! 5 स्टार द्या, स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅप करा, 150 रुपये मिळवा. विक्रेत्यानं स्वतःच ग्राहक बनून रिव्ह्यू टाकायला 2020 च्या ई-कॉमर्स नियमांतच बंदी आहे, म्हणून आता ग्राहकाकडूनच लिहून घेतात. नोव्हेंबर 2022 मध्ये बीआयएसनं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोनं, रिव्ह्यूंसाठी आयएस 19000 असं मानकही काढलं, विकत घेतलेले रिव्ह्यू छापू नयेत वगैरे त्यात आहे, पण ते ऐच्छिक ठेवलं. हेल्मेट सक्तीचं असून काय होतं ते आपल्याला माहितीच आहे, मग ऐच्छिक म्हटल्यावर काय होणार!

मी 150 रुपये घेतले नाहीत, पण खरं सांगायचं तर तिसऱ्या दिवशी अॅपनं "कसा वाटला?" विचारलं तेव्हा मीही भरात पाच स्टार देऊन "वाटण एकदम बारीक, डोळे झाकून घ्या" लिहून बसले होते. 37 जणांना ते उपयुक्त वाटलंय. डोळे झाकून घेतलेले ते 37 जण आत्ता बुश बदलत असतील. परवा बदलून तीन स्टार केले, कपलर-बुशचं सगळं लिहिलं, तर ते खाली कुठेतरी गेलं, वर अजून नम्र डिलिव्हरी बॉयच आहे.

आता बहिणीला मिक्सर घ्यायचाय. म्हटलं रिव्ह्यू नकोत, सरळ मामांनाच विचारू, त्यांच्याकडे सगळ्या कंपन्यांचे येतात. विचारलं, मामा, चांगला कुठला? मामा हातातलं भांडं पुसत म्हणाले, "चांगला असतो तो माझ्याकडं येतोय कुठं वहिनी?"