रोमन सैनिकाने जमीन घ्यावी की रोकड?

मित्राने विचारलं, २० वर्षं नोकरी करून सुटलेल्या रोमन सैनिकाला जमीन बरी की पैसे? मी बराच वेळ यातच अडकलो.

आधी रक्कम बघू. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याने इ.स. ५ मध्ये लीजनच्या (रोमन सैन्याच्या मोठ्या तुकडीच्या) शिपायाला नोकरीतून सुटताना ३,००० दिनारी (चांदीची नाणी) ठरवली, पगार वर्षाला २२५, म्हणजे १३ वर्षांहून जास्त पगार एकदम हातात, आणि पुढच्याच वर्षी त्यासाठी वेगळा खजिना काढून वारसा हक्कावर ५ टक्के कर लावला.

जमिनीचं सगळं मोजणीवर. मोजणीदार ग्रोमा रोवायचा, काठीवर आडवा क्रॉस, चारही टोकांना ओळंबे लोंबतायत, समोरासमोरचे दोन दोरे डोळ्यांनी एका रेषेत आणले की रेघ सरळ. असे साधारण ७१० मीटरचे चौकोन पाडायचे, एकेकात २०० युगेरा (एक युगेरम जवळपास २५ गुंठे). हद्दीला दगड आणि नकाशावर नोंद, त्यामुळे भांडणाला पुरावा असायचा, हे मला फार आवडतं.

पण जमिनीचा दर्जा? इ.स. १४ च्या बंडात सैनिकांची तक्रारच ही होती की शेताच्या नावाखाली दलदल नाहीतर डोंगराचा खडक गळ्यात मारतात. इ.स. ६० मध्ये इटलीतल्या टॅरेंटम आणि अँटियम या गावांत वसवलेले बरेचसे जण पुन्हा जिथे नोकरी केली त्या प्रांतांकडे निघून गेले.

घरी शेती केलेला, हात चालणारा आणि शेजारी जुने सोबती असतील तर जमीनच घ्यावी. छावणीजवळच बायकामुलं असतील, किंवा तब्येत खचली असेल, तर सरळ रोकड.