रोज बायबल वाचणं आणि वहीत लिहिणं : नाताळपासून आजपर्यंतचा अनुभव

नाताळच्या आधी सुरू केलं होतं, आता सोयाबीन काढणीला आलंय, म्हणजे एक अख्खा खरीप मधे गेला, आता यावर लिहायला हरकत नाही. आमच्या चर्चच्या मंडळीत बरेच जण म्हणतात की रोज वाचायचं मनात असतं पण टिकत नाही. माझं सांगणं एकच आहे, हातात पेन घ्या. नुसतं वाचलेलं माझ्याकडं दुपारपर्यंत पण राहत नाही, हातानं उतरवून घेतलेलं राहतं.

मी जालन्यात बियाणांच्या दुकानात काम करतो. त्यामुळं पाळक साहेबांनी मार्कपासून सुरू करा म्हणलं (16 अध्याय, येशूचं जीवन सांगणाऱ्या चारी शुभवर्तमानांत सगळ्यात छोटं) आणि चौथ्या अध्यायात पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे येशूनं सांगितलेली बोधकथा, आला तेव्हा मी तो लहानपणापासून ऐकलेला असूनही पूर्ण वहीत उतरवला. आणि लिहिता लिहिता दिसलं की खडकाळ जागेवरचं बी उशिरा नाही, *लवकर* उगवलं, कारण खाली माती खोल नव्हती, आणि ऊन तापलं तसं वाळून गेलं. हे मी दर जुलैत ऐकतो हो! मुरमाड रानवाले येऊन सांगतात, उगवण तर झकास होती, मग झालं काय. इतके वर्षं उपासनेत हा दाखला ऐकला पण "लवकर" हा शब्द कानावरून निघून जायचा. मग हाच दाखला असलेले मत्तय 13 आणि लूक 8 हे दुसऱ्या दोन शुभवर्तमानांतले अध्याय पण शेजारी लिहून काढले. मार्कमधे पीक तीसपट, साठपट, शंभरपट असं चढत जातं, मत्तयमधे शंभरावरून तीसवर उतरतं, आणि लूक नुसतं शंभरपट सांगून थांबतो. आणि त्याच अध्यायात, मार्क 4:26 पासून, एक छोटा दाखला आहे जो बाकी तिघांत नाही, माणूस बी टाकतो, झोपतो, उठतो, बी आपोआप वाढतं, कसं ते त्याला कळत नाही. ज्याचा सगळा दिवस उगवणीच्या तक्रारी ऐकण्यात जातो त्यानं हे एकदा सावकाश लिहून बघावं. मी त्या पानावर बराच वेळ बसलो होतो.

आता सामानाचं सांगतो. महागाची छापील जर्नल घेऊ नका, त्यात प्रत्येक दिवसाला चार ओळी जागा असते आणि एखाद्या दिवशी दोन पानं लागतात, मग दुसऱ्या दिवसाची जागा खाल्ली जाते. साधी दोनशे पानी लाँगबुक घ्या. डाव्या पानावर वचन जसंच्या तसं, उजव्या पानावर आपलं. पेन बॉलपेनच, कारण बायबलचा कागद पातळ असतो, जेलची शाई मागच्या पानावर फुटते, आणि खुणा करायच्याच असतील तर पेन्सिलनं करा. मोबाईलवरचं ॲप ऐकायला चांगलं आहे, आईला डोळ्यांचा त्रास आहे तर ती रोज स्तोत्रं लावून ऐकायलीय, मी पण एसटीत ऐकतो. पण सकाळच्या वाचनाला मोबाईल नको, एक मेसेज आला की गेलं सगळं.

पद्धत म्हणाल तर वचन, निरीक्षण, लागूकरण (ते आपल्या जगण्यात कसं आणायचं), प्रार्थना अशा चार भागांत लिहायची एक पद्धत सगळीकडं सांगतात. पहिले दोन भाग उत्तम आहेत. तिसऱ्यात मात्र रोज काहीतरी लिहायचंच म्हणून लिहिलं की "मी जास्त प्रार्थना करीन, सर्वांवर प्रेम करीन" हेच पुन्हा पुन्हा येतं, म्हणून तो भाग मी रोजचा ठेवला नाही, खरंच काही करायचं सुचलं तरच लिहितो. प्रार्थनेत नावं लिहितो, तारीख टाकून, आणि महिन्यानं मागं जाऊन बघतो.

वर्षात पूर्ण बायबल करायचं तर 1189 अध्याय आहेत, रोजचे तीन-चार पडतात. मॅकशेनची योजना मी वापरतो, स्कॉटलंडमधल्या डंडी गावच्या या तरुण पाळकानं 1842 मधे आपल्या मंडळीसाठी ती केली, रोज चार अध्याय, वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. पुढच्याच वर्षी तो वारला, वय अवघं 29. आमच्या जालन्याकडचं मिशन पण स्कॉटिशच, रेव्ह. नारायण शेषाद्रींनी इथं बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं ते त्याच चर्चच्या परंपरेतून, त्यामुळं ही योजना मला परकी वाटतच नाही. पण जूनमधे दुकान सकाळी लवकर उघडतं आणि रात्री घरी यायचं नक्की नसतं, तेव्हा चार अध्याय आणि लिखाण दोन्ही होत नाही. मी त्या दोन महिन्यांत फक्त एक स्तोत्र ठेवलं, लिहिणं सोडलं नाही. मला विचाराल तर अध्याय कमी करा पण पेन ठेवू नका.

पावसानं दडी मारली तेव्हा स्तोत्र 13 वर होतो. सहाच वचनं आहेत, पहिल्या दोनांत दावीद चार वेळा विचारतो, किती दिवस. दुबार पेरणीला उधारीवर बी मागायला आलेल्या माणसांचे चेहरे दिवसभर बघितल्यावर ते चार वेळा हातानं लिहिणं, मला वाटतं तेव्हा मी पहिल्यांदा खरी प्रार्थना केली. आणि स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही. असं स्तोत्र देवानं शास्त्रात राहू दिलं याचा मला फार आधार वाटतो.

लेवीय या जुन्या करारातल्या नियमांच्या पुस्तकाला सगळे अडकतात, यज्ञ, चरबी, चट्टे. अडकलात तरी सोडू नका. 19:9-10 मधे आहे की शेताच्या कडा कोपऱ्यापर्यंत कापू नका, पडलेला सरवा गोळा करू नका, तो गरिबाला आणि उपऱ्याला राहू द्या. पुढं रूथच्या पुस्तकात हाच नियम चालताना दिसतो. दुष्काळ पडला म्हणून नामीचं घर बेथलेहेम सोडून मवाबात जगायला गेलं, आपल्याकडची माणसं आजही तसंच म्हणतात, जगायला गेले, आणि परत आल्यावर तिची सून रूथ जवाच्या शेतात सरवा वेचते आणि शेताचा मालक बवाज गड्यांना सांगतो की तिच्यासाठी मुद्दाम पेंढ्यांतून काढून टाका. गावाकडं सोयाबीन काढलं की आजही बाया मागं राहिलेल्या शेंगा वेचायला येतात. त्या दिवशी लागूकरणाच्या भागात लिहिलं आणि गावी भावाला फोन केला, यंदा धुऱ्याकडच्या दोन ओळी राहू दे, त्यात मशीन घालू नको. "का बरं दादा?" म्हणाला. मी त्याला लेवीयचं ते वचन पाठवलं. संध्याकाळी त्याचा फोन आला, म्हणाला दोन कशाला, बांधाची पूर्ण पट्टी ठेवतो.

नवीन सुरू करणाऱ्यानं मार्क, मग रूथ (चारच अध्याय), मग रोज एक स्तोत्र असं करावं, आणि सोबत तारखेप्रमाणं नीतिसूत्रांचा एक अध्याय, ते 31 आहेत. माझी पहिली वही भरत आलीय, दुसरी आणून ठेवलीय, त्यात यशया संदेष्ट्याचं पुस्तक सुरू करणार.