स्वॉट की गेम थिअरी? धंद्यातला निर्णय घेताना कागदावर काय काढायचं

मी एमआयडीसीतल्या कंपन्यांना पुठ्ठ्याचे बॉक्स पुरवतो. स्वॉटचे चार चौकोन (आपली बलस्थानं, कमजोरी, संधी, धोके) आणि गेम थिअरीचा दोन बाय दोनचा तक्ता (माझ्या दोन चाली, स्पर्धकाच्या दोन, म्हणून चार घरं), दोन्ही वापरून झालंय.

स्वॉट वाईट नाहीच. नवीन मशीन घ्यायचंय, बँकेत प्रपोजल द्यायचंय, तिथे तेच बरं पडतं. पण माझं डोकं उठायचं ते एकाच गोष्टीने. समोरचा सप्लायर, म्हणजे माझा स्पर्धक, 'धोके' च्या चौकोनात एका ओळीत गप्प बसलेला असतो, मी एक पाऊल टाकलं की तो काय करेल हे त्या कागदाला विचारताच येत नाही.

उधारीचंच घ्या. आमच्याकडे ४५ दिवस चालतात, मोठं गिऱ्हाईक म्हणतं ६० द्या. स्वॉटमध्ये ही सरळ 'संधी'. तक्त्यात मात्र मी एकटाच ६० दिले तर ऑर्डर माझी, तो एकटाच देईल तर त्याची, आणि दोघांनीही दिले तर ऑर्डरी होत्या तशाच वाटल्या जाणार, वर दोघांचे पैसे पंधरा दिवस जास्त अडकणार, कागद देणारी पेपर मिल तिच्या पैशांसाठी काही थांबत नाही. कोणीच नाही दिले तर आहे तसंच चालू. हाच तो गेम थिअरीतला कैद्यांचा पेच, एकेकट्याला मोह पडतो आणि दोघंही त्याला बळी पडले की दोघांचंही नुकसान. आकडे कुठून आणायचे म्हणाल तर रुपये लागतच नाहीत, चारही घरांना आवडीप्रमाणे १ ते ४ नंबर द्या (४ म्हणजे सगळ्यात आवडतं), एकदा स्वतःच्या बाजूने आणि एकदा त्याच्या, तेवढ्याने भागतं असा माझा तरी अनुभव आहे.

व्यवहार एकदाच असेल तर ६० चा मोह सुटत नाही. पण आम्ही दर महिन्याला समोरासमोर येतो, आणि तिथे गणित बदलतं. १९८० च्या सुमारास रॉबर्ट अ‍ॅक्सलरॉड या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने असे पुन्हा पुन्हा खेळायचे डाव कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये लावले, जिंकला तो अनातोल रॅपोपोर्टचा सगळ्यात साधा प्रोग्रॅम, आधी सहकार्य आणि मग जशास तसे. मीही तेच करतो, ४५ वर थांबतो, त्याने वाढवले की वाढवतो, तो मागे आला की लगेच मागे येतो. फोन करून आपसात मात्र ठरवायचं नाही, भाव असो की उधारी, २००२ चा स्पर्धा कायदा आहे. मोबाईलवाल्यांचं आठवा, २०१६ ला जिओ आल्यावर सगळ्यांचेच दर कोसळले आणि डिसेंबर २०१९ मध्ये जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन-आयडिया या तिघांनीही काही दिवसांच्या अंतराने वाढवले, समोरच्याची चाल बघितल्याशिवाय यातलं काही कळतच नाही.

आता समोर वीस-पंचवीस जण असतील, किंवा एखादा नुसता माल काढून टाकायला बसला असेल, तर तक्ता फारसा कामाचा नाही, तिथे मीही स्वॉटच काढेन. पण स्पर्धक दोन-तीनच असतील आणि त्यांच्या सवयी तुम्हाला पाठ असतील तर मी तरी आधी तक्ता काढा म्हणेन, आणि भरायला सुरुवात त्याच्या नंबरांपासून करा.