विमा निघाला घोडीचा

सुट्टीत मुलांना घोडेस्वारीच्या क्लासला घालणार असाल तर पैसे भरायच्या आधी हे वाचा. क्लासचं नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे.

माझ्या भाच्याला पोलिसात जायचंय आणि घोड्यांचं वेड लहानपणापासूनचं. ताईने त्याला सोलापूर शहराबाहेरच्या एका क्लासमध्ये घातलं. फी वेगळी आणि वर ‘रायडर इन्शुरन्स’चे दोन हजार. पावतीवर तसं लिहून मिळालं, सोबत लॅमिनेट केलेलं कार्ड. त्यावर पोराचा फोटो, एका विमा कंपनीचं नाव, खाली पॉलिसी नंबर. दाजी बँकेत आहेत, कागद बारकाईने बघतात. नंबर होता, शिक्का होता, आणखी काय बघणार?

लग्नसराईचे दिवस होते. क्लासची घोडी रात्री वरातीत जायची, हे आम्हाला नंतर तिथल्या मोतद्दाराकडून, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्या माणसाकडून कळलं. रात्रभर डीजे आणि फटाके ऐकलेलं, न झोपलेलं जनावर सकाळी पोरांना शिकवायला उभं. शेजारून रिकामा टेम्पो खडखडत गेला, घोडी बुजून बाजूला उडाली आणि खोगीर पोराला घेऊन तिच्या पोटाकडे फिरलं. तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, ढिला होता. तंग आवळताना बरीच घोडी पोट फुगवतात, म्हणून थोडं चालवल्यावर तो पुन्हा आवळायचा असतो. ही काही गुप्त विद्या नाही, अकलूजच्या घोडेबाजारात कुणालाही विचारा. पोराच्या पायात साधे स्पोर्ट शूज. टाचेचा बूट नसेल तर पाय रिकिबीतून, म्हणजे पाय ठेवायच्या कडीतून, आरपार जातो आणि पडलेला माणूस घोड्यामागे फरपटत जातो. पाय सुटला हे नशीब. डोक्यावर दिलेलं हेल्मेट मोटारसायकलचं होतं. हातावर पडला, कोपराखालची दोन्ही हाडं मोडली, प्लेटा बसवाव्या लागल्या. खर्च सव्वा लाखाच्या पुढे गेला.

मालक दवाखान्यात आला तेव्हा अगदी गोड बोलत होता. “ताई, तुम्ही टेन्शन घेऊ नका, इन्शुरन्स आहे की. फक्त ओरिजिनल बिलं द्या.” बिलं गेली. मग महिनोन् महिने ‘प्रोसेसमध्ये आहे’. शेवटी दाजी कार्ड घेऊन थेट विमा कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथल्या साहेबांनी दुसऱ्याच्या पॉलिसीचा तपशील द्यायला नकार दिला, ते बरोबरच. पण हा पशुविमा आहे, यात माणूस बसत नाही, एवढं सांगितलं. पॉलिसीची प्रत नंतर आयोगात मालकाच्याच कागदांत आली: कुमाईत म्हणजे तांबूस-तपकिरी घोडी, कपाळावर पांढरा चांद. घोडी मेली असती तर मालकाला पैसे मिळाले असते. पोरगं पडलं, त्याचे कुणालाच नाहीत.

गटाचा अपघात विमा खरंच काढलेला असेल तर तुमच्या मुलाच्या नावाचं प्रमाणपत्र मिळतं. त्यावर विम्याची रक्कम आणि मुदत असते. ते मागा. कंपनीचा ग्राहक सेवेचा नंबर कंपनीच्या साइटवरून घ्या, कार्डावरचा नको, आणि फोन करून खात्री करा. विमा कंपनीबद्दलच तक्रार असेल तर विमा नियामकाचा 155255 हा टोल फ्री नंबर आहे. आमच्या बाबतीत कंपनीचा दोष नव्हता, तिला या कार्डाचा पत्ताही नव्हता.

दुसरा गडी दवाखान्याच्या पॅसेजमध्येच भेटला. ‘क्लेमचं काम करतो’ म्हणाला. मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा टाकून आठ लाख काढून देतो, त्यातले तीस टक्के माझे, आणि फाइल उघडायला पंधरा हजार रोख. पोर ऑपरेशन थिएटरमध्ये आणि ताई बाहेर एकटी. तेव्हाच वकीलपत्रासाठी म्हणून त्याने कोऱ्या स्टॅम्पपेपरवर तिच्या सह्या घेतल्या. खरं तर ते न्यायाधिकरण मोटार वाहनाच्या अपघातांसाठी आहे. घोड्यावरून पडलेल्याचा तिथे काय संबंध? यावर त्याचं उत्तर तयार होतं: “गाडी स्लिप झाली असं दाखवू, सगळे करतात.” ताई भडकली. पोरगं उद्या पोलीस भरतीला उभं राहणार आणि त्याच्या नावावर खोटा दावा? तिने काम थांबवायला सांगितलं. पंधरा हजार काही परत आले नाहीत. आणि टक्केवारीचं म्हणाल, तर भरपाईत वाटा ठरवून केस घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलालाही बंदी आहे, हा तर वकीलही नव्हता.

त्या सह्यांचं काय झालं ते आम्ही नोटीस पाठवल्यावर कळलं. मालकाने तडजोडनामा पुढे केला: चाळीस हजार मिळाले, आमची आता काही तक्रार नाही, खाली ताईची सही. चाळीस हजारांतला एक रुपयाही आमच्या घरी आलेला नाही. पण स्टॅम्पच्या मागे खरेदी करणाऱ्याचं नाव असतं, आणि तिथे त्या एजंटाचं नाव निघालं. पोलिसांकडे फसवणुकीचा अर्ज दिला तो त्याच्या जोरावर.

ग्राहक आयोगातली तक्रार दाजींनी स्वतः लिहिली. वकील लागतोच असं नाही. 2019 च्या कायद्यात घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. आयोगाची फी आपण सेवेसाठी किती पैसे दिले त्यावर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही, आणि पाच लाखांपर्यंत ती शून्य आहे. चौकशीसाठी 1915 वर फोन करता येतो. ओरिजिनल बिलं मालकाकडे अडकली होती, पण दवाखान्याने दुसऱ्या प्रती शिक्का मारून दिल्या. सगळ्यात कामाला आला तो दाखल करतानाचा केसपेपर. त्यात डॉक्टरांनी पहिल्याच ओळीत ‘घोड्यावरून पडून’ असं लिहिलेलं आहे. फिरलेल्या खोगिराचा एक फोटो पोराच्या मित्राने काढला होता, तोही जोडलाय.

मालकाचं म्हणणं असं, की प्रवेशाच्या फॉर्मवर ‘दुखापतीस क्लास जबाबदार नाही’ अशी ओळ होती आणि खाली सही आहे. पण ढिल्या तंगाचा निष्काळजीपणा सिद्ध झाला तर त्या ओळीने सुटका आपोआप होत नाही, आणि विम्याच्या नावाने घेतलेल्या दोन हजारांबद्दल फॉर्ममध्ये एक अक्षर नाही. यावर त्याच्या वकिलाने लेखी म्हणणं द्यायला मुदत मागून घेतली आहे. एजंटाचा फोन बंद लागतो.